आवर लवकर

तो आमच्याकडे राहायला आला आणि घरात वस्तू हातात द्यायची पद्धत बंद झाली. लिंबू मागितलं की लिंबू हवेतून यायचं. टीव्हीचा रिमोट, धुतलेल्या मोज्यांची गुंडाळी, कोथिंबिरीची जुडी, एकदा तर अख्खा कोबी. फेकण्याआधी तो न चुकता विचारायचा, “काकू, तुम्ही रेडी?” आणि मी तोंड उघडायच्या आत ती वस्तू माझ्या छातीवर येऊन आदळायची. सुरुवातीला माझा एक चष्मा आणि लोणच्याची एक बरणी त्यात कामी आली. पुढे मात्र एका हाताने कांदा झेलत दुसऱ्या हाताने भाजी परतायची मला इतकी सवय झाली, की मी काम करते त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेबलावरून घरंगळलेलं पेन मी न बघता पकडलं आणि तिथली पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

आमची मुलगी लग्न होऊन स्कॉटलंडला गेली, तेव्हापासून साउथहॅम्प्टनच्या घरातली वरची खोली रिकामी होती. मंडळातल्या कोणीतरी सुचवलं की लंडनमधल्या एजवेअरच्या एका ओळखीच्या घरातला मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत जहाजांचं इंजिनिअरिंग शिकायला येतोय, त्याला लॉजर म्हणून ठेवा. घर चांगलं, वडील अकाउंटंट, शिवाय दर रविवारी तिकडची मराठी शाळा चालवतात. सगळी मंडळी त्यांना ‘सर’ म्हणतात. आम्हाला वाटलं, मराठी शाळेच्या सरांचा मुलगा म्हणजे संध्याकाळी दिवा लावणारा वगैरे असेल. आला तो सहा फुटी, मान जाड, एका कानात बाळी, आणि काखेत एक लांबट, तपकिरी चेंडू. आमच्या ह्यांनी चेंडूकडे बघून विचारलं, “नारळ आणलास का?”

त्या नारळाचं प्रकरण आम्हाला नंतर कळलं. अमेरिकन फुटबॉल इंग्लंडातली पोरंही खेळतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नाव फुटबॉल, पण बहुतेक कारभार हाताने. प्रत्येक डावात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरून बैलांएवढी माणसं त्याला आडवं करायला धावत येतात, आणि ती पोचायच्या आत चेंडू कोणाकडे टाकायचा हे त्याने ठरवायचं असतं. त्याच्यापुढे त्याचेच पाच आडदांड गडी भिंतीसारखे उभे असतात. हा पठ्ठ्या नवखा, आयुष्यात पहिल्यांदाच हा खेळ खेळणारा, आणि ऐन मोसमात त्यांच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला म्हणून ह्याला उभं केलेलं. का, तर “ह्याला फेकता येतं” म्हणून. त्याची साक्ष आमचं स्वयंपाकघर देईल.

पण युनिव्हर्सिटीत त्याचं नाव झालं ते फेकण्यामुळे नाही. तिथे दर बुधवारी सगळ्या खेळांच्या टीम नटूनथटून प्यायला जातात. त्या बुधवारांचा हा राजा होता. टीममधली मुलं त्याला नावाने हाकच मारत नसत, ‘वेन्सडे’ म्हणत. चादरीचा झगा घातलेला तो, डोक्यावर ट्रॅफिकचा नारिंगी शंकू घेतलेला तो, ओठांवर लिपस्टिक आणि दोन्ही हातांत दोन ग्लास. टीमच्या इन्स्टाग्रामवर खेळाचे फोटो कमी आणि ह्याचे जास्त.

त्याच्या रात्री मी कधी पाहिल्या नाहीत. मला ठाऊक आहेत त्या त्याच्या सकाळी. गुरुवारी मी कामाला निघायची तेव्हा बैठकीत गालिच्यावर दोन-तीन धूड घोरत पडलेली असायची आणि हा कानामागे चमकी लागलेल्या अवस्थेत त्यांच्यासाठी कांदा चिरत असायचा. पोहे करायचा. चांगले करायचा, फक्त हळद भसाभस घालायचा. “काकू, चहा ठेवली आहे, मस्त झाली आहे,” म्हणून माझ्या हातात कप द्यायचा. कप तेवढा फेकायचा नाही. प्यायचा का? प्यायचा, चांगला प्यायचा, ते मी कशाला झाकू. पण शुक्रवार उजाडला की थेंब नाही. शनिवारी आमच्याबरोबर वरणभात खाऊन लहान मुलासारखा लवकर झोपायचा.

आणि तरी दर रविवारी, मॅचच्या सकाळी, आमच्या खालच्या टॉयलेटमध्ये त्याला भडाभडा उलट्या व्हायच्या. बाहेर गाडीत बसलेली मुलं हॉर्न वाजवत ओरडायची, “वेन्सडे, हेवी नाइट?” हा तोंड पुसत बाहेर यायचा, दोन्ही हात वर करायचा, आणि ती सगळी खूश व्हायची.

एका रविवारी मी त्याला दारातच अडवलं. म्हटलं, काल तू माझ्यासमोर ताक पिऊन झोपलास, मग हे काय? तो आधी हसला. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्यांशी चाळा करत म्हणाला, “काकू, हँगओव्हर सांगितला की मुलं हसतात. स्केर्ड आहे सांगितला, तर कोण नाही हसत. माझ्या पुढे जे मुलं उभे असतात ना, ते माझा फेस बघतात. मी घाबरला तर ते घाबरतील. मग मी मेला.”

“अरे, पण लोक तुला बेवडा समजतात.”

“समजू दे. इट्स ईझिअर.” आणि उठताना म्हणाला, “तुम्ही कोणाला सांगू नको हं. बाबांना तर नकोच.”

मला ‘तुम्ही’ म्हणायचं हे त्याला घरी शिकवलेलं होतं, आणि क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत तो आदर संपलेला असायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. भीती लपवायला माणसं काय काय पांघरतात, ह्याने दारुडेपणा पांघरला होता, आणि तो त्याला शोभूनही दिसत होता.

गणपतीतली त्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमचं मंडळ एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतं. मिरवणूक म्हणजे कार पार्कला तीन चकरा. त्या वर्षी तो नाचायला होताच, घामाने निथळत. हॉलच्या दाराशी, जिथे चपला काढून ठेवतात तिथे, एक निवृत्त डॉक्टर उभे होते. त्यांची बायको उन्हाळ्यात गेली होती. सगळे त्यांना भेटून, हात दाबून, हळू आवाजात दोन शब्द बोलून पुढे जात होते आणि ते तिथेच उभे राहत होते. ह्याने नाचता नाचता त्यांना पाहिलं. कोणाच्या तरी हातातल्या झांजा काढून घेतल्या आणि लांबूनच ओरडला, “अंकल, रेडी?” डॉक्टरांनी घाबरून हात पुढे केले. एक झांज झेलली, पाठोपाठ दुसरी. हातात झांजा आल्यावर माणूस करणार काय? वाजवायला लागले. शेवटच्या चकरेला ते सगळ्यांत पुढे होते.

मी नंतर म्हटलं, तुला कसं सुचलं रे? त्याला प्रश्नच कळला नाही. “काकू, तो माझा जॉब आहे. कोण एकटा उभा आहे ते बघायचं आणि त्याला बॉल द्यायचं.”

एका शनिवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. तो टीममधल्या मुलांना घेऊन सराव करत होता. वाफ्यातल्या माझ्या मेथीवर पाय देऊ नका एवढं बजावून मी कामाला लागले, आणि एकदम मागून आवाज आला, “चपला बाहेर!” मी दचकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. तो आवाज त्याचा नव्हता. जाड, खडसावणारा, पन्नाशीच्या पुरुषाचा आवाज. त्याबरोबर एक लालबुंद केसांचा गोरा मुलगा कुंपणाच्या कडेने सुसाट पळाला आणि चेंडू त्याच्या हातात जाऊन बसला.

ऐन मैदानात डाव बदलायचा तर क्वार्टरबॅकला तो मोठ्याने ओरडून सांगावा लागतो, आणि तो समोरच्यांना कळू द्यायचा नसतो. म्हणून ह्याने मराठी काढलं होतं. ‘चपला बाहेर’ म्हणजे कडेच्या रेषेकडे पळा. ‘आवर लवकर’ म्हणजे चेंडू झटकन माझ्याकडे द्या. ‘वेळ झाली’ म्हणजे सगळ्यांनी लांब पळत सुटा. आणि ‘थांब जरा’ म्हणजे कोणीही हलायचं नाही, समोरचे फसून पुढे यावेत म्हणून नुसतं नाटक करायचं. पोरांना हे त्याने शिकवलं कुठे? तर बुधवारी, पबमध्ये, टेबलावर उभं राहून. चुकेल त्याने एक घोट घ्यायचा. “मैदानावर शिकवलेलं विसरतात, काकू. पार्टीत शिकवलेलं नाही विसरत.”

“आणि हा आवाज कोणाचा काढतोस?”

“बाबांचा,” तो म्हणाला. “माझ्या आवाजात सांगितला तर कोणी ऐकत नाही. बाबांच्या आवाजात मी पण ऐकतो.”

त्या बाबांना त्याचा खेळ दाखवायचा, एवढी एकच गोष्ट त्याला मनापासून हवी होती. किट बॅगेबरोबर तो दर रविवारी दोन घडीच्या खुर्च्या न्यायचा. एकीवर मी बसायचे, जमलं तेव्हा. दुसरी माझ्या शेजारी उघडून ठेवलेली असायची, रिकामी. सरांची मराठी शाळा रविवारचीच, त्यामुळे ते कधीच येऊ शकत नव्हते. फोनवर विचारायचे, परीक्षा कधी, जेवतोस ना, मराठी वाचतोस का. हा सगळ्याला “हो बाबा” म्हणायचा. मोसम संपत आला तरी दुसऱ्या खुर्चीवर माझी पिशवीच बसत होती.

मग तो व्हिडिओ आला. हा टेबलावर, चादर गुंडाळलेला, हातात ग्लास, खाली पोरांचा कल्लोळ. कोणीतरी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आमच्या सेक्रेटरीबाईंनी त्याखाली लिहिलं, “कुठे चाललीय आपली पुढची पिढी?” आणि हात जोडल्याचं चित्र. तिथून तो मेडनहेडच्या मंडळात गेला, तिथून एजवेअरला, आणि अखेर मराठी शाळेतल्या एका पालकाने तो सरांना वर्गातच दाखवला. आवाज बंद करून, मुलं समोर होती म्हणून.

गुरुवारी सरांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मला जास्त धास्ती वाटली. “ताई, रविवारी सकाळी येतोय. शाळा बंद ठेवलीय. त्याचं सामान बांधून ठेवा. पुढचं काय ते लंडनमध्ये बघू.”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. ते म्हणाले, “मी दुसऱ्यांच्या मुलांना वळण लावतो म्हणून लोक मला सर म्हणतात. आता कुठल्या तोंडाने वर्गात जाऊ?”

संध्याकाळी मी त्याला सांगितलं, बाबा येतायत, तुला घेऊन जायला येतायत, सामान बांध. तो म्हणाला, “सनडेला? बाबा सनडेला येणार?” आणि खाली शेडमध्ये जाऊन दुसरी खुर्ची पुसायला लागला. सामानाचं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. बॅग शेवटी मीच भरली आणि जिन्यापाशी आणून ठेवली.

रविवारी सर आले ते कोट घालून, बूट चकचकीत. ते दारात आणि आत टॉयलेटमध्ये ह्याच्या उलट्या चाललेल्या. सरांचा चेहरा पडला. भरलेल्या बॅगेकडे बघत ते म्हणाले, “आजसुद्धा?”

त्याला दिलेला शब्द मला मोडायचा नव्हता, आणि गप्प बसणंही जमेना. मी म्हटलं, “सर, काल तो आमच्यासोबत वरणभात जेवून झोपला. तीन दिवसांत दारूला शिवलेला नाही. ही उलटी कसली ते त्याचं त्याला विचारा. पण आधी माझ्याबरोबर मैदानावर चला. एवढी एक मॅच बघा आणि मग खुशाल न्या त्याला.” माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो बाहेर यायच्या आत ते गाडीत बसले.

मैदान मोटरवेच्या कडेला, पावसाने त्याची रबडी झालेली. सर खुर्चीच्या टोकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात बसतात तसे. शिरस्त्राणं घातलेल्या पोरांत आपला मुलगा कोणता हे त्यांना ओळखता येत नव्हतं. तेवढ्यात मैदानातून त्यांचाच आवाज आला. “चपला बाहेर!”

सर ताठ झाले. लाल केसांचा मुलगा रेषेकडे पळाला, चेंडू झेलला, आमच्या बाजूने आरडाओरडा झाला.

“हे काय म्हणाला तो?”

“चपला बाहेर.”

“ते ऐकलं हो. पण कोणाला?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. डाव कसा बदलतात, पोरांना हे शिकवलं कुठे आणि तो टेबलावर उभा राहून काय ओरडत होता. सरांनी खिशातून फोन काढला, तो व्हिडिओ शोधला आणि पहिल्यांदाच आवाज चालू करून कानाला लावला. मलाही ऐकू आलं. हा वरून “आवर लवकर” म्हणतोय आणि तीस-चाळीस इंग्रज पोरं बेंबीच्या देठापासून “आवर लवकर” ओरडतायत. सरांनी तो पुन्हा लावला. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “माझ्या वर्गात बारा मुलं आहेत. त्यांच्याकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यायला मला अर्धा तास लागतो.”

पुढचा सगळा वेळ ते उभेच होते. मॅच अगदी टोकाला आली. शेवटचा डाव, हा जमला तर जिंकलो. ह्याने आवाज दिला, “वेळ झाली!” सगळे लांब पळत सुटले. चेंडू ह्याच्या हातात आला, आणि त्याच क्षणी डाव्या अंगाने एक राक्षस ह्याच्या पाठीवर धावून येताना आम्हाला दिसला. ह्याला तो दिसत नव्हता. सर रेषेपर्यंत धावले आणि जीव खाऊन त्या राक्षसाला ओरडले, “अरे थांब! थांब जरा!”

आवाज तोच होता. मोसमभर ज्याचा हुकूम पाळला तो आवाज, आणि ह्या वेळी तर अस्सल. सगळी टीम जागच्या जागी थांबली. भिंत थांबली, पळणारे थांबले, लाल केसांचा मुलगा मागे वळून बघायला लागला. एकटा राक्षस थांबला नाही, त्याला मराठी येत नव्हतं. चेंडू रिकाम्या जागी जाऊन पडला आणि आम्ही हरलो.

सर चिखलात तसेच उभे होते. चकचकीत बूट पार बुडाले होते. तो उठला, शिरस्त्राण काढलं आणि लंगडत आमच्याकडे आला.

“माझ्यामुळे गेली,” सर म्हणाले.

“हो,” तो म्हणाला. मग हसू आवरेना त्याला. हसता हसता डोळे भरले आणि म्हणाला, “पण बाबा, तुम्ही आलास.”

सरांनी वाक्य दुरुस्त केलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच केलं नसेल. त्यांनी त्याचं चिखलाने भरलेलं डोकं कोटाला टेकवून धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

तोवर टीम गोळा झाली होती. मला वाटलं, आता सरांची धडगत नाही. पण लाल केसांच्या मुलाने आधी आपले चिखलाचे बूट काढून रेषेबाहेर ठेवले आणि मग हात पुढे करून अदबीने म्हणाला, “वेल झाली, सर.” सरांच्या अंगात शिक्षक संचारला. “वेल नाही, वेळ. जीभ मागे वळवा.” हरलेल्या मैदानावर अख्खी टीम ळ म्हणायचा प्रयत्न करत होती. त्याचाही कोणीतरी व्हिडिओ काढला, आणि तो मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा सेक्रेटरीबाईंनी पुन्हा हात जोडले, ह्या वेळी कौतुकाने. तो म्हणाला, “काकू, आता मी संस्कारी. नेक्स्ट वेन्सडेपर्यंत.”

घरी आल्यावर सरांनी जिन्यापाशी ठेवलेली बॅग स्वतः उचलून वर नेली. खाली येऊन चहा घेताना त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “ताई, ती उलटी कसली ते मला न विचारताच कळलं. मलाही होतं ते. सकाळचं. दर टर्मच्या पहिल्या दिवशी, वर्गात जायच्या आधी. घरात कोणाला माहीत नाही.” मी त्यांच्यापुढे बिस्किटं सरकवली. त्याचं गुपित मी जपलं होतं, आता सरांचंही जपायला घेतलं.

पुढच्या वर्षी मराठी शाळा शनिवारी भरायला लागली. सर रविवारी पहाटे एजवेअरहून निघायचे आणि खुर्चीवर तोंडात लवंग धरून बसायचे, कारण मॅच चालू असताना तोंड उघडायचं नाही असा टीमने त्यांना दम दिला होता. आता तो तिकडे उत्तरेला जहाजं बांधतो. ह्या घरात वस्तू पुन्हा हातात दिल्या जातात, आणि त्याची मला अजून सवय झालेली नाही.

सर पुन्हा आले त्या पहिल्या रविवारची सकाळ मात्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, पोरं नेहमीसारखी ओरडत होती, आणि खालचं टॉयलेट आतून बंद होतं. सर आले. मी काही सांगायला गेले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. कोट काढला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, त्या दाराला खांदा लागेल असे बसले. आतला आवाज थांबेपर्यंत बसून राहिले. मग दारावर बोटाने हळूच टकटक केली आणि नेहमीच्या त्या जाड आवाजात, पण अगदी खालच्या पट्टीत म्हणाले, “आवर लवकर. मी आहे इथे.”

आतून कडी निघाली.